कोड जीवनकडे येतो

जीवन दयाराम कोळी हा नवीन पनवेलमधल्या एका कॉमर्स कॉलेजात परीक्षा विभागाचा क्लार्क. मूळचा उरणकडच्या कोळीवाड्यातला. बाप दयाराम अजून होडी घेऊन पाण्यावर जातो, आई गोदूबाई उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसते. जीवन बी.कॉम. झाला, आधी शिपाई म्हणून लागला, मग टायपिंगच्या परीक्षा देऊन क्लार्कच्या खुर्चीवर आला आणि कायमही झाला. तेव्हा गोदूबाईने कोळीवाड्यात घरोघर पेढे वाटले होते. आता तो बायको प्रांजल आणि दुसरीतल्या रेवाला घेऊन जुन्या पनवेलमध्ये भाड्याने राहतो. पण रविवार उजाडला की मोटारसायकलला टाच मारून उरण गाठायचं आणि बापाबरोबर होडीत बसायचं, हा त्याचा नेम होता. आठवडाभर मार्कांच्या रकान्यांत बुडालेला माणूस, तिथे जाळ्याच्या दोरीला हात लावला की पुन्हा स्वतःसारखा दिसायला लागायचा.

हा नेम मोडला तो विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने.

परीक्षेचे मार्क भरायचं कॉलेजचं एकच खातं होतं आणि त्याचा पासवर्ड परीक्षा विभागात सगळ्यांना पाठ होता. काही मास्तरांनी तर तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता. परिपत्रकात म्हटलं होतं की यापुढे नुसता पासवर्ड चालणार नाही. पासवर्ड टाकला की नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येईल आणि तो टाकला तरच खातं उघडेल. मोबाइल एकच नोंदवता येईल.

परीक्षा विभागाचे प्रमुख प्रभाकर देवस्थळी सर यांच्या केबिनमध्ये सगळे जमले. कॉलेजचे कॉम्प्युटर बघणारा सुशांत खुर्चीवर बसला होता. त्याने माऊस फिरवत विचारलं, "कोणाचा नंबर टाकू?"

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला.

"माझा नको," देवस्थळी सर म्हणाले. "माझ्या नंबराला बँक जोडलेली आहे. उद्या पेन्शनचं सगळं त्याच्यावरच येणार. हल्ली कोण कुठून काय काढून घेईल, सांगता येत नाही."

"प्राचार्य मॅडमचा?" कोणीतरी म्हणालं.

"सुनीता मॅडम अर्धा वेळ मीटिंगमध्ये असतात. त्यांना कोडासाठी कोण फोन करणार? तू करणार?"

अकाउंट्स शिकवणाऱ्या अनुष्का मॅडमकडे सरांनी पाहिलं, तशा त्या घाईघाईने म्हणाल्या, "सर, मी तर तासिका तत्त्वावर आहे. जूनमध्ये असेन की नसेन, हे मलाच माहीत नाही."

जीवन दाराशी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा होता. सगळ्यांच्या नजरा हळूहळू त्याच्याकडे वळल्या.

"जीवन कायम आहे," देवस्थळी सर खुशीत म्हणाले. "तो कुठे जाणार आहे? त्याचा टाक रे. टेम्पररी. नंतर बघू."

जीवनला त्या क्षणी बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. नऊ-दहा शिकलेली माणसं बसलेली असताना कॉलेजच्या दाराची किल्ली आपल्या खिशात आली, असं त्याला वाटलं. घरी जाऊन त्याने प्रांजललाही तसंच सांगितलं. ती चपात्या लाटत होती. तिने विचारलं, "म्हंजे जबाबदारी वाढली. पगार वाढला?"

"पगाराचं काय त्यात? विश्वास आहे."

"बरं," प्रांजल म्हणाली आणि तव्यावरची चपाती उलटली.

पहिले काही दिवस मजेत गेले. शिकवणाऱ्यांपैकी ज्या सत्यजीत सरांनी कधी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते "जीवनराव" म्हणू लागले. अनुष्का मॅडम कोड घेतल्यावर न चुकता थँक यू म्हणायच्या. मग परीक्षा सुरू झाल्या, मार्क भरायचे दिवस आले आणि त्या खात्याचा स्वभाव सगळ्यांच्या लक्षात आला. जरा वेळ हात थांबला की ते आपोआप बंद व्हायचं. एकजण उठून चहाला गेला की बंद. दुसरा बसला की पुन्हा पासवर्ड, पुन्हा कोड. आणि आलेला कोड काही मिनिटांत शिळा व्हायचा. त्यामुळे फोन आला की जीवनने असेल तिथे, असेल तसा उचलायचा.

तो दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसला होता, तेव्हा फोन आला. एका हाताने डॉक्टरला थांबवून त्याने बधिर जिभेने आकडे सांगितले, ते पलीकडे नीट कळले नाहीत, म्हणून दुसरा कोड मागवावा लागला. गव्हाण फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमधून मोटारसायकल काढत असताना फोन आला. कडेच्या मातीत गाडी उभी करून, हेल्मेट काढून, एका कानात बोट घालून तो ओरडून आकडे सांगू लागला. धुळीने डोळे भरले. पलीकडून सत्यजीत सर म्हणाले, "जीवनराव, जरा शांत ठिकाणी जाऊन बोला ना."

रेवाच्या शाळेत बाईंनी मुलांना विचारलं, आईबाबा काय काम करतात? रेवा उभी राहून म्हणाली, "माझे बाबा कोड देतात." बाईंना वाटलं, बाबा कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. पालकसभेत त्यांनी जीवनला शाळेच्या वेबसाइटबद्दल विचारलं. तो नुसता हसला. घरी येताना मात्र त्याला हसू आलं नाही.

पुढे धाकट्या बहिणीचं, कीर्तीचं लग्न निघालं. कोळीवाड्यात मांडव पडला. जीवनने आठ दिवस आधी रजा टाकली. देवस्थळी सरांनी ती मंजूर केली आणि वर म्हणाले, "रजा घे रे, आनंदाने घे. फक्त फोन जवळ ठेव." लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, हा मानाचा क्षण. भटजी बोलावत होते, फोटोवाला खाली वाकून बसला होता, वरातीतली पोरं ओरडत होती. जीवनने नवरदेवाचा कान धरला आणि खिशात फोन वाजला. त्याने क्षणभर तो वाजू दिला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. शेवटी उजव्या हातात नवरदेवाचा कान तसाच ठेवून त्याने डाव्या हाताने फोन काढला आणि भर मांडवात आकडे वाचले. नवरदेव बिचारा हसत म्हणाला, "आधी ते उरका दादा, माझा कान काय पळून नाय जात." सगळा मांडव हसला. कीर्तीही हसली, पण तिने पदराने डोळे टिपले, ते हसण्याने नव्हे. ते जीवनने पाहिलं. व्हिडिओत ते सगळं आहे. घरी तो लावला की जीवन त्या जागी उठून पाणी प्यायला जातो.

लग्नानंतर त्याने मनावर घेतलं. सुशांतला गाठून म्हणाला, "माझा नंबर काढ तिथून."

सुशांतने कपाळ खाजवलं. "काढता येतो. पण नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरावर कोड येणार, तो ठीक आहे. मग प्राचार्यांचं पत्र लागणार. पत्रात नवीन माणसाचं नाव लागणार. ते विद्यापीठाकडे जाणार, तिथून मंजूर होऊन येणार. आणि तोवर खातं बंद राहणार."

"किती दिवस बंद?"

"ते आपल्या हातात नाही. म्हणून परीक्षांच्या मध्ये करायचं नाही, असं सरांनी सांगितलंय."

"आणि फोनमध्ये ते ॲप असतं ना, ज्यात कोड आपोआप दिसतो, मेसेज लागत नाही? ते सगळ्यांना दिलं तर?"

"ॲप आहे. पण विद्यापीठाने एकाच फोनला परवानगी ठेवलीय. म्हणजे फिरून तूच."

तो देवस्थळी सरांकडे गेला. सर चांगल्या मूडमध्ये होते. "करू ना," ते म्हणाले. "परीक्षा संपू दे." परीक्षा संपली. मग फेरतपासणी आली. फेरतपासणी संपली, तर एटीकेटीच्या परीक्षा आल्या. त्या गेल्या, तेव्हा प्रवेश सुरू झाले आणि सुनीता मॅडमना पत्रावर सही करायला वेळ नव्हता. शिवाय पत्रात नाव कोणाचं घालायचं, हा प्रश्न होताच. जीवनने एकेकाला विचारून पाहिलं. प्रत्येकाकडे कारण तयार होतं, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचं कारण खरं होतं. एकाची आई आजारी होती, एक लोणावळ्याहून ये-जा करायचे आणि घाटात रेंज नसायची, एका मॅडमना पहाटे उठून पोराला सांभाळायचं होतं. जीवनच्या कारणाला मात्र कोणी कारण म्हणत नव्हतं. त्याला होडीत जायचं होतं. ते सांगितलं की लोक म्हणायचे, "अरे वा, मस्त! आम्हालाही एकदा ने."

अडचण अशी, की होडी खाडीच्या मुखापलीकडे गेली की फोनची रेंज जायची. म्हणून परीक्षांच्या दिवसांतले रविवार त्याने आधी सोडले, मग फेरतपासणीचे सोडले, मग हळूहळू सगळेच सुटले.  दयारामने चुलतभावाचा मुलगा विठू याला अधूनमधून बरोबर न्यायला सुरुवात केली. एकदा फोनवर नुसतं म्हणाला, "त्या फोनला पट्टा बांदून दे कोनाच्या तरी गल्यात. तुज्याच गल्यात कशाला?"

"तसं नाय होत बाबा."

"मंग ठीक हाय."

जीवनला बापाचं ते ठीक हाय फार लागलं. दयाराम रागावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

डिसेंबर आला. मार्क भरायची शेवटची मुदत सोमवारी दुपारी होती. शनिवारी दयारामचा फोन आला. विठू तापाने झोपला होता आणि दयारामच्या खांद्याला एकट्याने जाळं ओढवत नव्हतं. दयाराम मदत मागतोय, हे जीवनला फारच क्वचित ऐकायला मिळालं होतं. त्याने देवस्थळी सरांना फोन लावला.

"सर, उद्या सकाळी गावी जाऊन येऊ का? दुपारपर्यंत परत."

"उद्या? अरे, सत्यजीतचे दोन वर्गांचे मार्क राहिलेत, ते घरून भरणार आहेत. रेंज असेल ना तिथे?"

जीवन म्हणाला, "असेल सर."

"मग जा की."

ठरलं ते असं, की बाप-लेकांनी मुखाच्या आतच राहायचं, जिथे फोनवर रेंजच्या दोन-तीन काड्या दिसतात. दयारामने पाणी पाहिलं, आकाश पाहिलं आणि मुलाकडे पाहिलं. "इथं काय गावनार? चिखल?"

"आज एवढंच बाबा."

"बरं."

त्यांनी जाळं टाकलं. हवा गार होती, पाणी संथ होतं. लांबवर बंदराच्या क्रेन उभ्या होत्या. जीवनने शर्टाच्या खिशात फोन ठेवला होता आणि खिशाला सेफ्टी पिन लावली होती. पण फोन दर थोड्या वेळाने वाजत होता आणि प्रत्येक वेळी पिन काढावी लागत होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्याने कंटाळून ती लावलीच नाही.

ते जाळं वर ओढत होते. दोघांचं वजन एका बाजूला, पाय फळीला टेकवलेले, हात ओले, बोटांना शेवाळ. जाळ्यात ओंजळभर मांदेली आणि उरलेला नुसता गाळ. फोन वाजला. जीवनने सवयीने एक हात सोडला, पुढे वाकून खिशाला लावला. जाळ्याचा भार एकदम दयारामवर गेला, होडी कलली आणि फोन खिशातून बाहेर आला. जीवनने तो हवेत पकडला. खरंच पकडला होता. पण ओल्या बोटांतून तो साबणासारखा निसटला आणि पाण्यात गेला. तेव्हा तो वाजतच होता. पाण्याखाली जाताना पडद्यावरचं सत्यजीत सरांचं नाव हिरवट होत होत दिसेनासं झालं.

 होडी हळूहळू सरळ झाली.

"गेला?" दयारामने विचारलं.

"गेला."

दयारामला हसू फुटलं. मग त्याने मुलाचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. "नवा घेता येल. त्यात काय."

"फोनचं नाय बाबा. आता कोनाचंच खातं उघडनार नाय. सगले मार्क अडकले."

"मंग चल परत. वलवतो होडी."

जीवन पाण्याकडे बघत राहिला. फोन गेला त्या जागी काहीच खूण नव्हती. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या भोवती, कसं सांगावं, कानांचे दडे सुटल्यावर जसं सगळं मोकळं ऐकू येतं तसं काहीतरी होत होतं. इंजिनाची घरघर, फळीखाली आपटणारं पाणी, बापाचा श्वास. परत गेलं तरी रविवार. गॅलरीत जायचं, सिम काढायचं, शिव्या खायच्या. हे सगळं काही वेळाने केलं तरी तेवढंच होतं. आणि हा काही वेळ पुन्हा मिळणार नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "भायेर घे."

"काय?"

"होडी भायेर घे. मुखाच्या पल्याड."

दयारामने सुकाणूवरचा हात हलवला नाही. "नोकरीवाला हाईस तू. नंतर बोंबलशील."

"बोंबलीन. तू घे."

त्यांनी होडी बाहेर काढली. मुखापलीकडे पाण्याचा रंग बदलला, लाटा लांब झाल्या. दुपार कलेपर्यंत दोघं तिथे होते. जाळं चांगलं भरून आलं, बोंबील, कोळंबी, मध्येच एक दांडगा जिताडा. दयारामने तो हातात धरून मुलाला दाखवला, जसा लहानपणी दाखवायचा. त्यांनी डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. दयाराम कीर्तीच्या सासरचं बोलला, होडीच्या तळाला लागलेल्या गळतीचं बोलला, खांद्याच्या दुखण्याचं बोलला आणि मग बोलायचं थांबला.  जीवन होडीत उताणा पडून राहिला. त्याला कोणी शोधू शकत नव्हतं.

परतताना धक्का जवळ आला. धक्क्यावर शेजारचा दादू हात हलवत होता. "जीवन! तुज्या कॉलेजातून मानूस आलाय. मोटार घेऊन."

देवस्थळी सर स्वतः आले होते. बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या वलांडीजवळ, नाकाला रुमाल लावून, पांढऱ्या बुटांवर उडालेल्या चिखलाकडे बघत उभे होते. फोन लागेना म्हणून त्यांनी प्रांजलला विचारलं आणि तिने कोळीवाड्याचा पत्ता दिला होता.

"फोन कुठे आहे?"

"पाण्यात पडला सर."

"पाण्यात पडला." सरांनी ते शब्द एकेक करून उच्चारले. "कधी?"

जीवनने एकदा भरलेल्या टोपल्यांकडे पाहिलं. खोटं बोलायचं सुचलं होतं, पण तोंडातून निघालं नाही. "सकाळी."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, आणि गाडीकडे वळले. "बस."

गाडी पनवेलकडे निघाली. गाडीच्या काचा बंद होत्या आणि जीवनच्या कपड्यांना माशांचा वास येत होता. सरांनी शेवटी काच खाली केली.

रविवारी उघडी असलेली एक मोबाइल गॅलरी सापडली. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं, अंगठा घेतला, फोटो काढला. मग म्हणाली, "सिम थोड्या वेळाने सुरू होईल. पण मेसेज उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाहीत."

"का?" देवस्थळी सर पुढे झाले.

"नियम आहे सर. कोणी दुसऱ्याच्या नावाने सिम काढलं तर ओटीपी जाऊ नयेत म्हणून एक दिवस मेसेज बंद ठेवतात."

"अहो, पण हा चोर नाहीये. हा आमचा क्लार्क आहे."

"सिस्टीमला ते कळत नाही सर."

सर भिंतीकडेच्या लाल खुर्चीवर बसले. जीवन उभाच राहिला. थोड्या वेळाने सरांनी शेजारची खुर्ची दाखवली, तसा तो बसला. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते दोघं असे शेजारी-शेजारी कधी बसले नव्हते.

"मला रिटायर व्हायला फार दिवस राहिले नाहीत रे," सर हळू आवाजात म्हणाले. "शेवटी शेवटी माझ्या नावावर मेमो नको. दोन वर्गांचा निकाल अडकला, तर पालक माझ्या दारात येतील. तू मुद्दाम केलंस का?"

"फोन मुद्दाम नाही टाकला सर."

"आणि मग परत का नाही आलास?"

याचं उत्तर जीवनकडे होतं, पण ते गॅलरीत, एसीच्या थंडीत, ओल्या पॅंटने देता येण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "सर, मी किती वेळा सांगितलं, नंबर बदला म्हणून. माझ्याकडंच का?"

देवस्थळी सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "कोणाकडे तरी असायलाच हवा," ते म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. उलट थकल्यासारखे बोलले, आणि त्यामुळे जीवनला भांडताही आलं नाही.

सोमवारी सकाळी विद्यापीठाचा मेल आला. अनेक कॉलेजांचे मार्क भरायचे राहिले होते, सर्व्हरही धीमा होता, म्हणून मुदत आठवडाभर वाढवली होती. परीक्षा विभागात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सत्यजीत सरांनी चहा मागवला. जीवनला वाटलं, आता तरी हे लोक शहाणे होतील, आता तरी कोणाचा दुसरा नंबर लावतील.

तसं झालं नाही. प्राचार्य मॅडमनी मीटिंग घेतली. आपली व्यवस्था किती कच्ची आहे, हे या प्रसंगाने दिसलं, असं त्या म्हणाल्या. ती पक्की करायची म्हणून कॉलेजने एक नवा फोन घेतला, जीवनचं सिम त्यात घातलं, आणि लेखी आदेश निघाला. हा फोन श्री. कोळी यांनी सदैव चालू स्थितीत जवळ बाळगावा. परीक्षेच्या काळात पूर्वपरवानगीशिवाय रेंजबाहेर जाऊ नये. फोन पाण्याजवळ नेऊ नये. आतापर्यंत जे टेम्पररी होतं, ते शिक्का मारून कायम झालं.

जीवनने सही केली. प्रांजल घरी त्याच्यावर चिडली. "नाय म्हनायचं. काय केलं असतं त्यांनी?"

"काही नसतं केलं कदाचित."

"मंग?"

"रेवाची शाळा इथली. घर इथलं. मी कायम आहे, प्रांजल." कायम हा शब्द त्याच्या तोंडून असा निघाला, की प्रांजलचा राग उतरला. तिने त्याच्या पुढ्यात ताट वाढलं आणि त्याच्या पाठीवर जरा वेळ हात ठेवला.

विठू आता दयारामबरोबर नेहमीसाठी जातो. त्याचा वाटा ठरला आहे. जीवन महिन्यातून एकदा आई-बापांना भेटायला जातो, मासळी घेऊन येतो, होडीकडे बघतो आणि पनवेलला परततो. एक गोष्ट मात्र बदलली. आधी फोन वाजला की तो मुकाट आकडे वाचायचा. आता मुकाट वाचत नाही.

परवा सुशांतच्या नेऱ्यातल्या नवीन घराची वास्तुशांत होती. डोंगराच्या पायथ्याचं गाव, रेंज येते-जाते. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. जीवनचा फोन अर्धवट वाजून तुटला, तसा तो पानावरून उठला, शेताच्या बांधावरून चढत एका खडकापाशी गेला. तिथे दोन काड्या दिसल्या. फोन पुन्हा वाजला.

"जीवन, कोड," पलीकडून आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"अरे, कोण काय? मी देवस्थळी."

"हो सर. कशासाठी पाहिजे?"

 याआधी असं कोणी सरांना विचारलं नव्हतं.

"अरे, कोड शिळा होईल!"

"दुसरा येईल सर. तुम्ही सांगा."

सरांनी घसा साफ केला. मग त्यांनी सांगितलं. बी.कॉम. तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचे तोंडी परीक्षेचे मार्क चुकून शून्य पडले होते, ते दुरुस्त करायचे होते. तिचं नाव सांगितलं, हजेरी क्रमांक सांगितला. जीवनने ते सगळं ऐकून घेतलं, कोणी साहेब ऐकतो तसं, घाई न करता.

"ठीक आहे," तो म्हणाला. पडद्यावर नवा मेसेज आला होता. ऊन तिरपं पडत होतं म्हणून त्याने फोनवर हाताची सावली धरली आणि एकेक आकडा स्वच्छ आवाजात वाचला.

खाली पंगतीत प्रांजल त्याच्या पानावर दुसरं पान उलटं झाकून बसली होती. जीवन खडकावरून उतरला आणि गार झालेला भात खायला तिच्या शेजारी जाऊन बसला.